बर्गंडीला ऊन दाखवणारा माणूस

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा. नाहीतर चहा प्या, चकली खा आणि घरी जा. मी काही सांगत नाही.

बरं, थोडं हसलात तर चालेल. पण मंजिरी आतून बाहेर आली की लगेच गंभीर व्हायचं! माझ्या या प्रतापावर ती आधीच पोटभर हसून झालीय. ती पुन्हा सुरू झाली तर आज आपल्याला जेवायला मिळायचं नाही.

तर झालं असं, की मी एका माणसाची वाईन सांभाळली. साधीसुधी नव्हे हं. फ्रान्समधली, बर्गंडी नावाच्या प्रांतातली. तिथली लाल वाईन म्हणजे काय चीज असते, हे आज मला झोपेतून उठवून विचारा, तासभर बोलेन. पण तेव्हा? तेव्हा लाल वाईनबद्दल मला एकच गोष्ट ठाऊक होती. पांढऱ्या शर्टावर तिचा डाग जात नाही.

वाईन होती लोराँची. लोराँ म्हणजे आमच्या शिपिंग ऑफिसातला माझा साहेब. इथे सिंगापुरात हार्बरफ्रंटला आमचं ऑफिस, आणि त्याच्या केबिनच्या खिडकीतून फेरीबोटी सुटताना दिसायच्या. उंच, लांब नाकाचा, आणि त्या नाकानं जगणारा माणूस. लिफ्टमध्ये शिरला की सांगायचा, "आत्ता इथून कुणीतरी ते उग्र वासाचं फळ, दुरियान, खाऊन गेलं." आणि ते खरं निघायचं!

एका दिवाळीला त्याला घरी फराळाला बोलावला. आमचा पुंगोलचा फ्लॅट, एकविसावा मजला. गडी चकल्यांवर असा तुटून पडला, की मंजिरीनं दोनदा ताटली भरली आणि तिसऱ्यांदा डबाच समोर ठेवला. व्हायचं तेच झालं. पोटाचा नगारा! सोफ्यावर पाठ टेकून, कपाळाला हात लावून, फ्रेंचमध्ये देवाला काहीतरी विचारू लागला.

मंजिरीनं लिंबाचं जुनं लोणचं काढलं. तुम्ही खाल्लंय ते? काळंकुट्ट, डांबरासारखं. मीठ आणि काळ यांच्याशिवाय त्यात काही राहिलेलं नसतं. तिनं एक फोड बशीत दिली. लोराँनं ती हुंगली. मग जिभेवर ठेवली. मग डोळे मिटले. आणि मी शपथेवर सांगतो, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं!

"किती वर्षांचं आहे हे?" त्यानं विचारलं.

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी खोटं बोलत नाही. मी फक्त खऱ्याला फोडणी देतो. लोणचं होतं सात वर्षांचं. पण समोरचा माणूस रडतोय म्हटल्यावर सात काय सांगायचं? शोभतं का ते?

"एकवीस," मी म्हणालो.

मंजिरीनं स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"एकवीस वर्षं! आणि तुम्ही काय करता त्याचं?"

"काही नाही. हातसुद्धा लावत नाही. अंधारात, शांत, पडून राहू देतो. आमच्या घराण्यात मुरवण्याचं शास्त्र आहे, लोराँ. आम्ही वस्तू करत नाही, आम्ही वस्तूंना वेळ देतो."

कसं वाटलं वाक्य? मलाही तेव्हा फार आवडलं होतं. सत्य काय, तर मंजिरी दर रविवारी ती बरणी खिडकीत उन्हाला ठेवते, दादरा बांधते आणि आठवण झाली की गदागदा हलवते. पण हे त्या फ्रेंच माणसाला सांगून त्याची समाधी कशाला मोडायची?

"कुठे ठेवता?"

"आमच्या तळघरात."

एकविसाव्या मजल्यावर तळघर! पण आता माघार नाही. मी त्याला उठवून आमच्या बॉम्ब शेल्टरपाशी नेलं. इथल्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये प्रत्येक घरात एक असतं. जाडजूड भिंती, लोखंडी दार, खिडकी नाही. उद्या युद्ध झालंच तर लपायला. तोवर आम्ही त्यात तांदूळ, सूटकेसा आणि गणपतीचं मखर लपवतो.

लोराँ आत गेला. भिंतीवर हात फिरवला. हवा हुंगली. दार लावून अंधारात उभा राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा असा, की जणू काशीला जाऊन आलाय.

"नंदू," तो म्हणाला, "मला तुझ्याकडे एक वस्तू ठेवायची आहे."

त्याची युरोपात बदली झाली होती. इथला कोंडो, म्हणजे त्याचा भारी फ्लॅट, सोडायचा होता. आणि त्याच्याकडे होती एक बर्गंडीची बाटली. त्याच्या सासऱ्यानं स्वतःच्या चिमुकल्या मळ्यातल्या द्राक्षांची, स्वतःच्या हातानं केलेली. लोराँची मुलगी क्लेर जन्मली त्या सालची, म्हणजे तेव्हाच तेवीस-चोवीस वर्षं मुरलेली. सासरा गेला, मळा विकला, बाकीच्या बाटल्या संपल्या. ही एकच उरलेली. क्लेरचं लग्न ठरलं की तिच्या साखरपुड्याला उघडायची, असं आजोबांनी सांगून ठेवलेलं. क्लेर इथेच सिंगापुरात नोकरीला, म्हणजे साखरपुडा इथेच. बाटली विमानानं न्यायची आणि परत आणायची म्हणजे तिला धक्के बसणार.

"दुसरी नाही का मिळणार?" मी विचारलं.

"सासरा दुसरा मिळेल का?" तो म्हणाला.

दोन दिवसांनी बाटली घेऊन आला. तान्हं बाळ आणावं तशी छातीशी धरून. माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मी तुला काय शिकवणार? तुझ्या लिंबांना जसं सांभाळतोस, अगदी तसंच हिला सांभाळ."

ऐकलंत ना? अगदी तसंच! लिंबांसारखं! हे त्याचे शब्द, माझे नव्हेत. आता मला सांगा, यात माझी काय चूक?

तो निघाला, मंजिरी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेली, आणि मी तेवढ्यात कामाला लागलो. जुना पंचा काढला, बाटलीला गळ्यापर्यंत गुंडाळला. का? तर लेबलला ऊन लागू नये म्हणून. केवढा विचार करतो माणूस! तोंडावर मलमलीचं फडकं लावून दादरा बांधला. मंजिरी आत आली तर मी बाटली खिडकीत ठेवून ऊन कुठून येतंय ते बघत होतो.

"अहो! हे काय चाललंय?"

"बर्गंडीला ऊन दाखवतोय."

"वाईनला ऊन?"

"लिंबासारखं सांभाळ म्हणालाय. तुझी लिंबं उन्हात असतात की नाही?"

"पण तुम्ही तर त्याला सांगितलंत, हातसुद्धा लावत नाही म्हणून!"

"ते बोलायचं झालं गं. करायचं वेगळं असतं."

मंजिरी काही बोलली नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात ती गप्प बसली की मी जिंकलो असं समजतो. हा माझा जुना भ्रम आहे.

त्यानंतर काय सांगू, दर रविवारी माझा सोहळाच! सकाळी आंघोळ, मग कोरड्या हातानं बर्गंडी बाहेर. ओला हात अजिबात नाही हं, बुरशी येते. बांबूवर कपडे वाळत घालायचे, त्यांच्या शेजारी खिडकीत बर्गंडी. दुपारी आत घेताना ती कानाशी धरून हलवायची. आत गाळ हलल्याचं हाताला कळायचं. मी म्हणायचो, बघा, खाली बसलेलं सगळं वर चढतंय, मुरतंय पोर! सहा वेळा उजवीकडे, सहा वेळा डावीकडे. आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालासुद्धा कुणी इतकं झुलवलं नसेल.

लोराँचा मधूनमधून मेसेज यायचा. "माझी झोपाळू कशी आहे?" मी लिहायचो, "मस्त. घराण्याच्या शास्त्राप्रमाणे." तो हात जोडल्याचं चित्र पाठवायचा.

असं वर्ष गेलं, दुसरंही निम्मं गेलं. आणि एक दिवस निरोप आला. क्लेरचं ठरलं! पुढच्या शनिवारी साखरपुडा. "नंदू, बाटली तूच तुझ्या हातानं आणायचीस."

मी असा फुगलो, की शर्टाचं बटण तुटायला आलं. आणि फुगलेला माणूस काय करतो? मित्राला सांगायला जातो.

परांजपे माझा कॉलेजपासूनचा मित्र. बँकेत आहे, पाया लेबारला. वाईनचा कोर्स केलेला माणूस. म्हणजे पाण्याचा ग्लाससुद्धा आधी फिरवतो, मग पितो. त्याच्या ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये आम्ही कॉफी घेऊन बसलो आणि मी माझी साधना वर्णन करायला घेतली. ऊन, दादरा, सहा उजवीकडे, सहा डावीकडे.

परांजप्यानं कप खाली ठेवला.

"परत सांग. काय करतोस?"

"हलवतो."

"बर्गंडी?"

"बर्गंडी."

"आणि ऊन?"

"रविवारचं. कोवळं असतं रे सकाळी."

"सिंगापुरात कोवळं ऊन असतं? अरे येड्या!" शेजारच्या टेबलावरचे दोन काका वळून बघायला लागले. "अरे खून केलास तू! दर आठवड्याला, हप्त्याहप्त्यानं खून केलास!"

मग त्यानं मला वाईनचं जीवनचरित्र सांगितलं. बर्गंडीची लाल वाईन एकाच जातीच्या नाजूक, पातळ सालीच्या द्राक्षांची असते. तरुणपणी ती लालबुंद, चेरीच्या, रासबेरीच्या वासाची. खळाळून हसणारी, जरा तुरट स्वभावाची. मग तिला आडवी निजवायची. बूच ओलं राहिलं पाहिजे. अंधार हवा, गारवा हवा, आणि कुणी हात लावता कामा नये. वर्षं जातात तसा तिचा तुरटपणा गाळ होऊन तळाशी बसतो. रंग उतरून विटकरी होतो. फळाचा वास मागे सरतो आणि पावसानंतरच्या रानाचा वास येतो. ओला पाचोळा, भूछत्रं, वाळलेला गुलाब. "आणि मग," परांजपे गहिवरून म्हणाला, "ती बोलायला लागते."

"आणि ऊन दाखवलं तर?"

"तर ती वाफेवर शिजते. आणि हलवली तर तळाचा गाळ सगळा पोटात जातो. तू दोन्ही केलंस. एकाच पोरीला चटकेही दिलेस आणि गरगरासुद्धा फिरवलीस!"

डोळ्यांसमोर क्लेरचे आजोबा उभे! हातात द्राक्षं घेऊन विचारतायत, "मस्यू नंदू, कशी आहे माझी बाटली?"

धावतपळत घरी आलो. मंजिरी ऑफिसात होती. शेल्टर उघडलं, बाटली काढली. म्हटलं, आधी लेबल तरी बघू. पंचा सोडला.

लेबल नाही!

साफ गायब. नुसती काच. म्हटलं, देवा, पंच्यातून ऊन आत गेलं आणि लेबल उडालं! सिंगापूरच्या उन्हाची ताकद बघा! मग दादरा सोडला, तर वरचं वेष्टणही नाही. बूच दोन बोटांनी धरलं, टप्पकन हातात आलं. पंचवीस वर्षांची वाईन, आणि बूच असं ढिलं! माझ्या हलवण्यानं सैल झालं असणार, दुसरं काय?

पेल्यात थेंबभर ओतली. गडद लाल, जाडसर. जीभ लावली.

खारट!

अहो, खारट ठार! आणि वर दात आंबतील अशी आंबट! लिंबासारखी सांभाळली आणि ती खरोखर लोणच्याच्या वाटेनं गेली! मंजिरीच्या बरणीशेजारी दीड वर्षं राहून मीठ लागलं तिला! संगतीचा परिणाम माणसावर होतो, हे ऐकलं होतं. वाईनवरही होतो?

घाबरलेल्या माणसाची अक्कल किती वेगानं धावते, हे मला त्या दिवशी कळलं. कुठल्या दिशेनं धावते, ते नंतर कळलं. पहिलं काम, पुरावा नष्ट! सगळी बाटली बेसिनमध्ये ओतली. नळ सोडला. फ्रान्स वाहून गेला.

दुसरं काम, नवी बाटली. मॉलमधल्या वाईनच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंना म्हटलं, "बर्गंडी हवी. पंचवीस वर्षांची. आजच."

त्या हसल्या. "अंकल, धिस वन व्हेअर गॉट? यू वॉन्ट ओल्ड, यू मस्ट वेट, लाह!"

वेट? मला शनिवारी साखरपुडा! मग त्यांच्याकडची सगळ्यात स्वस्त नाही आणि सगळ्यात महागही नाही, अशी एक कोवळी बर्गंडी उचलली. आणि ठरवलं, की जे काळानं पंचवीस वर्षांत केलं असतं, ते आपण आठवड्यात करायचं. अहो, आम्ही मुरवण्याचं शास्त्र असलेलं घराणं!

आता उत्साह बघा माझा! रंग विटकरी हवा ना? मग बूच काढून थोडी वाईन कमी केली आणि त्यात गार झालेला कोरा चहा घातला. वा! अगदी उतरलेला रंग! भूछत्रांचा वास हवा? इथे काय कमी आहे? वाळवलेल्या शिताकेचं पाकीट आणलं, एक भूछत्र आत सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी विणायच्या सुईनं बाहेर ओढलं. बूच परत जाईना. खलबत्त्यातला बत्ता आणला, दोन घाव घातले, गेलं! राहिला ओला पाचोळा. खाडीकाठच्या बागेत गेलो, पाऊस पडून गेला होता, बादलीभर पानं गोळा केली आणि बाटली त्यात पुरून बादली दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवली.

शेजारच्या मिसेस लिम आल्या. बादलीत वाकून बघितलं.

"वा, अंकल! यू प्लांट बॉटल, आह?"

"नो नो, मिसेस लिम. एजिंग."

"यू ऑलरेडी एजिंग, लाह! डोंट नीड बकेट! वॉटर इनसाइड, लेटर मॉस्किटो कम, लेटर डेंग्यू पीपल कम, यू काना फाइन!"

दंडाच्या भीतीनं बादली आत घ्यावी लागली. संध्याकाळी मंजिरीनं विचारलं, "हे काय नवीन?"

"खत करतोय."

"कशाला?"

"पर्यावरण."

ती गप्प बसली. मी पुन्हा जिंकलो असं समजलो. नाही म्हणायला, त्या आठवड्यात ती जरा विचित्रच वागत होती. शुक्रवारी म्हणाली, "आजपासून शेल्टरमध्ये जाऊ नका हं. मी आवरून ठेवलंय." मी कशाला जातोय? गुन्ह्याच्या जागी गुन्हेगार परत जातो, पण इतक्या लवकर नव्हे.

शनिवारी टॅक्सीत बसलो. माझ्या मांडीवर माझी बाटली, पांढऱ्या नॅपकिनमध्ये, लेबल झाकून. मंजिरीच्या मांडीवर मोठी पिशवी. वळण आलं की ती ड्रायव्हरला म्हणायची, "अंकल, स्लोली, स्लोली." मी म्हटलं, "त्यात काय आहे?" म्हणाली, "क्लेरला आहेर." चांदीची समई असेल, म्हणून मी सोडून दिलं.

क्लेरच्या कोंडोच्या हॉलमध्ये समुद्राकडे तोंड करून टेबलं मांडलेली. लोराँनं मला मिठी मारली. क्लेर आली. हसरी, आजोबांच्या आठवणीनं आधीच डोळे भरलेली. "तुम्ही सांभाळलीत ना? आई म्हणायची, आजोबांचा आवाज त्या बाटलीत आहे." मी नॅपकिन बाटलीभोवती आणखी घट्ट गुंडाळला.

सगळे गोल उभे राहिले. लोराँनं बूच काढलं. ते वाकडं झालेलं बघून एक भुवई वर गेली. एका ग्लासात दोन घोट ओतले. रंग बघितला. दुसरी भुवई गेली. मग ते नाक ग्लासात उतरलं.

बाहेर बोटीचा भोंगा ऐकू आला.

"नंदू," तो हळूच म्हणाला, "हे काय आहे?"

"बर्गंडी."

"हं. भूछत्रं आहेत."

"असतात ना! मुरली की येतात!"

"वाळवलेली. शिताके." नाक पुन्हा आत. "चहा. साखर नाही. थंड झालेला." मी घाम पुसला. नाक अजून खोल. "आणि... थांब... गरम मसाला?"

बत्ता! अहो, बत्ता धुतलाच नव्हता मी!

"आणि या सगळ्याच्या खाली," लोराँ म्हणाला, "एक वाईन आहे. बिचारी अजून बालवाडीत जाते."

क्लेरनं बापाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. पण आपण सिंगापुरात, इथे जमीन इतकी पक्की बांधलेली! मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो, देवाला ठाऊक. लेबल उडालं? मीठ लागलं? संगत वाईट?

एवढ्यात मंजिरी पुढे आली. पिशवीतून अलगद, उभीच्या उभी, एक बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. मळकं लेबल. आजोबांच्या हातचं अक्षर. वरचं वेष्टण जागच्या जागी.

"ही घ्या," ती म्हणाली. "कालपासून उभी ठेवलीय. गाळ खाली बसलाय. सावकाश ओता."

मी बघतच राहिलो! म्हटलं, हिनं आणखी एक सासरा कुठून पैदा केला?

लोराँ हसला. मिशीतल्या मिशीत नव्हे, चांगला खदखदून. "नंदू, त्या दिवाळीला निघताना मी मंजिरीला विचारलं होतं, लोणचं खरंच एकवीस वर्षांचं आहे का? ती म्हणाली, सात. आणि दर रविवारी हलवावं लागतं. तेव्हाच ठरवलं, खोली तुझी, पण राखण हिची. बाटली दिली त्या दिवशी लिफ्टपाशी हिला सगळं समजावून गेलो. आडवी, अंधारात, गार, हात न लावता."

"मग मला कशाला दिलीस?"

"तुझ्या हातात दिली नसती तर तुला वाईट वाटलं असतं."

"आणि पंच्यातली बाटली?" मी मंजिरीकडे वळलो. "मी दीड वर्षं काय हलवत होतो?"

"कोकमाचं आगळ. आईनं मालवणहून दिलेलं. तुमच्या ऑफिसच्या पार्टीतली रिकामी, लेबल काढून धुतलेली बाटली होती, त्याच रात्री तिच्यात भरलं आणि पंचा घातला. आगळाला ऊन लागतंच. म्हटलं, एवढी हौस आहे तर चांगल्या कामी येऊ दे."

आता तुम्ही म्हणाल, मालवणच्या जावयाला कोकम ओळखता येऊ नये? अहो, सोलकढी मी वाटीभर पितो, पण नारळाच्या दुधातून ओळख झालेली ती! असं एकटं गाठून कोकम कधी समोर आलं होतं मला?

"अगं, मग गेल्या आठवड्यात तरी सांगायचंस! मी चहा काय घालतोय, पानं काय गोळा करतोय!"

"सांगितलं असतं, तर तुम्ही खरी शोधून काढून तिलाही सुधारली असतीत."

लोराँनं बूच काढलं. सावकाश, श्वास रोखून. ओतली. आणि काय सांगू! विटकरी, मावळत्या उन्हासारखी, कडेला फिकट होत गेलेली. वास आला आणि मी गप्प झालो. मी! ओल्या रानाचा, वाळक्या गुलाबाचा, कपाटातल्या जुन्या रेशमाचा. जिभेवर आली तर आहे की नाही असं वाटायला लावणारी, आणि गिळल्यावर कितीतरी वेळ जायला तयार नसलेली. क्लेरनं एक घोट घेतला, ग्लास छातीशी धरला आणि फ्रेंचमध्ये एवढंच म्हणाली, "आजोबा." लोराँनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

सगळं गोड झालं होतं. इथेच किस्सा संपला असता तर माझी अब्रू अर्धी तरी वाचली असती. पण मंजिरीला आठवलं.

"अहो, ती पंच्यातली बाटली आणलीत ना? मी सकाळी शोधली, सापडली नाही. म्हटलं, तुमच्याच पिशवीत असेल. दीड वर्षं ऊन खाल्लेलं आगळ, असं कुणाकडे नसेल! क्लेरला सोलकढी करून देणार होते. नारळाचं दूध आणलंय मी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लोराँ तर हात पुढे करून उभा.

"नंदूनं स्वतः मुरवलेलं?" तो म्हणाला. "कुठे आहे?"

"ते..." मी म्हणालो, "बेसिनमध्ये."

"ठेवलंय?"

"ओतलं."

लोराँचा चेहरा असा पडला, की सासऱ्याची बाटली फुटली असती तरी पडला नसता! मंजिरी काही बोलली नाही. या वेळी मी जिंकलो असं मला अजिबात वाटलं नाही. आयुष्यात एकच वस्तू मी नीट मुरवली होती, आणि तीच मी स्वतःच्या हातानं गटारात सोडली होती.

लोराँ परत गेला. जाताना मंजिरीला एक नवी बर्गंडी देऊन गेला, पुढं कधीतरी उघडायला. ती शेल्टरमध्ये कुठेतरी आडवी आहे. कुठे, ते मला सांगितलेलं नाही. शेल्टरची किल्लीही हल्ली तिच्याकडे असते.

आणि मी? माझं काम चालू आहे. दर रविवारी सकाळी मंजिरी माझ्या हातात पंचा गुंडाळलेली एक बाटली देते. मी कोरड्या हातानं ती खिडकीत ठेवतो. ऊन दाखवतो. दुपारी हलवतो, सहा उजवीकडे, सहा डावीकडे.

आत काय आहे, मी विचारत नाही.

परवा हलवताना नुसता पाण्यासारखा आवाज आला, पण मी काही बोललो नाही.